ओला, सुका आणि आमचं गाणं

माझं गाणं रत्नागिरीत रोज सकाळी वाजतं. पाऊस असो, ऊन असो, शिमगा असो, कुणाच्या घरी सुतक असो. ते वाजलं की माणसं हातातलं काम टाकून दाराबाहेर धावतात. लुंगी सावरत बापये धावतात, तोंडात ब्रश धरून सुना धावतात, गुडघ्यांच्या नावाने रडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा अशा धावतात की बघत राहावं. एवढं भाग्य मोठमोठ्या गायकांच्या वाट्याला आलं नसेल. फक्त धावताना त्यांच्या एका हातात ओल्या कचऱ्याची बादली असते आणि दुसऱ्या हातात सुक्याची.

होय, आमच्या भागातल्या घंटागाडीवर सुरुवातीला जे गिटार वाजतं ना, ते मी वाजवलंय. घरी पाहुणे आले की बायको माझी ओळख अशीच करून देते आणि मग पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघून विचारतात, की आमच्याकडे गाडी दोन-दोन दिवस येत नाही, तुमच्या ओळखीने काही होईल का. आता बोला.

मी उभी हयात गिटार वाजवलं. साधंसुधं नाही, विजेवरचं, कान किटवणारं. मुंबईत आमचा रॉक बँड होता. गाणी आम्हीच लिहायचो, चाली मी बांधायचो, पुढे दुसऱ्यांची गाणीही मी रेकॉर्ड करून दिली. बोटांना घट्टे पडले, उजवा कान अर्धा गेला, कारण ड्रमवाला मेला कायम उजवीकडे बसायचा. इंग्रजी गाणी ऐकणारे म्हणायचे, हे मराठीत कशाला? मराठी गाणी ऐकणारे म्हणायचे, एवढं ओरडता कशाला? दोघांच्या मधे जी माणसं उरली ती आमच्या घरचीच होती, आणि तीही कंटाळलेली.

आमचा गायक अलोऱ्याचा. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेला, वडील तिथे कारकून. वसाहतीत सकाळी भोंगा व्हायचा आणि ओळीने एकेक दार उघडून माणसं हातात डबे घेऊन बाहेर पडायची. लहानपणी त्याला वाटायचं, भोंगाच दारं उघडतो. एकदा तालमीत त्याने तो भोंगा मला तोंडाने काढून दाखवला. मी तो गिटारवर पकडला, जरा ताणला, जरा खरवडला, आणि त्यातून आमचं सगळ्यात चांगलं गाणं झालं. आधी एकटं गिटार वर चढत जातं, थांबतं, आणि मग त्याचा आवाज येतो, 'दार उघडा, भोंगा झाला'. शब्द त्याचे, चाल माझी. तो आवाज असा होता की पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातातली तारा छेडायची पट्टी खाली पडली होती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण गायकांना असलं काही सांगितलं की ते डोक्यावर बसतात.

हे गाणं रत्नागिरीत म्हणायचं त्याच्या फार मनात होतं. एका मंडळाने मैदानात कार्यक्रम ठेवला. आम्ही हौसेने आलो. लोक आले, आमचा आवाज ऐकला आणि शिस्तीत निघून गेले. रत्नागिरीची माणसं भांडत नाहीत, उठून जातात. शेवटी समोर उरला तो मांडववाला. गायक डोळे मिटून गायचा. शेवटच्या कडव्याला त्याने डोळे उघडले तेव्हा समोर खुर्च्यासुद्धा नव्हत्या, त्या टेम्पोत चढल्या होत्या. मांडववाला टाळ्या वाजवत होता. आम्हाला वाटलं, चला, एक तरी रसिक. तो टाळ्या वाजवून टेम्पोवाल्याला मागे घेत होता.

पुढे बँड फुटला. बेसवाला बोटीवर लागला, ड्रमवाला आखातात गेला. मी रत्नागिरीला परत आलो आणि आमच्या घरामागच्या काजूच्या शेडीत स्टुडिओ टाकला. भिंतींना आवाज अडवायला अंड्यांचे ट्रे लावले. त्यामुळे पहिलं वर्षभर लोक गावठी अंडी आहेत का विचारायला यायचे. गायकाची बायको शाळेत शिक्षिका, तिची बदली इथे झाली म्हणून तोही इथे आला आणि विम्याची एजन्सी करू लागला. एवढा गळा असलेला माणूस लोकांना त्यांच्या मरणाचे फायदे समजावून सांगायला लागला.

स्टुडिओत काय काय आलं विचारू नका. जाखडीच्या नाचाची गाणी आली. त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात, एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात. दोन्ही पक्ष माझ्याकडेच रेकॉर्डिंगला यायचे आणि आधीच्यांनी काय म्हटलंय ते जरा ऐकवा म्हणून माझ्या मागे लागायचे. गणपतीपुळ्याच्या लॉजांच्या जाहिराती केल्या. जयगडच्या बंदरावर हेल्मेट घालायला सांगणारी सूचना केली, तिच्यामागे मी हौसेने गिटार वाजवलं तर ते काढायला लावलं, कामगार थांबून ऐकतात म्हणे. माझ्या कारकिर्दीतली ती एकमेव दाद.

आणि मग एक दिवस कचऱ्याचा ठेकेदार आला. मूळचा आंब्याचा व्यापारी, सगळं घाईत करणारा. नव्या गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होत्या आणि भोंग्यावर लावायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्यात दुपारपासून वीज गेलेली. नवीन काही रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. गायक तिथेच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, आपलं भोंग्याचं गाणं दे की ह्याला, तसंही नुसतं पडून आहे, निदान माझा आवाज गावात फिरेल तरी. मी लॅपटॉपवरून आख्खं गाणं ठेकेदाराला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायक आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात दोन बादल्या घेऊन पाखाडीच्या, म्हणजे आळीतल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या पायरीवर रस्त्याला उभा राहिला. गाडी आली. गिटार वर चढलं, थांबलं, आणि जिथे त्याचा आवाज यायचा बरोब्बर तिथे ठेकेदाराच्या पुतणीचा आवाज आला. नमस्कार, ओला कचरा आणि सुका कचरा वेगवेगळा द्या. तेवढ्या गिटारानंतर ठेकेदाराने पुढचं कापून टाकलं होतं. पुतणीचा उच्चार स्पष्ट होता, हे कबूल केलं पाहिजे.

त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. माझ्या शेडीत बसून पोट धरून हसलो. त्याचं हसू पुढच्या गणेशोत्सवात संपलं. आळीतल्या मंडळाने कार्यक्रम ठेवला होता, मंडप भरलेला, पाऊस थांबलेला, माणसं खरोखर ऐकायला बसलेली. मी भोंग्याचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीतली एक बाई ताडकन उठली. तिच्या मागे चार उठल्या. आपण कुठे बसलोय, किती वाजलेत, कसलाही विचार नाही, पायच निघाले त्यांचे. कुणीतरी मागून ओरडलं की आज गाडी संध्याकाळी कशी, आणि निम्मा मंडप घराकडे. पाच मिनिटांत त्यातले काही बादल्या घेऊन परत आले. गायकाने तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं आणि स्टेजवरून उतरून सरळ घरी गेला. मी एकटाच वाजवत राहिलो. म्हटलं, आलेत तर ऐकू देत.

त्यानंतर तो कुठेही गायला नाही. विमा विकत राहिला आणि घंटागाडीच्या वेळेला खिडक्या लावून घेऊ लागला. कचरा त्याची बायको, आमची वहिनी, टाकायची.

गेल्या वर्षी त्याची फुफ्फुसं बिघडली. कोल्हापूरला नेऊन आणलं, तिथल्या डॉक्टरांनी गोड बोलून घरी पाठवलं. नाकात ऑक्सिजनची नळी आली, आवाज गेला, बोलणं नुसतं वाऱ्यावर चालायचं. मी रोज सकाळी जाऊन बसायचो. आम्ही राजकारण आणि मासळीचे भाव सोडून कशावर बोलत नव्हतो. एकदा गाडी आली, गाणं वाजलं, वहिनी बादल्या घेऊन बाहेर गेली, आणि हा खिडकीकडे बघत म्हणाला, "एकदा तरी ह्या गावाने मला ऐकायला घराबाहेर यावं. आख्खं गाणं ऐकावं. बस. पण त्याआधी ते गाडीवरून उतरव तू. नाहीतर मी गेल्यावर लोक म्हणतील, कचरा गेला."

मी म्हटलं, गप रे. पण बाहेर पडलो तो पाखाडी चढता चढता रडत होतो. समोरून येणाऱ्या माणसाने गुडघे दुखतात का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

आमचं असं ठरलं, की गाणं गाडीवरून उतरवायचं, लोकांना जरा विसरू द्यायचं आणि मग शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडून त्याचा जुना आवाज मोठ्या स्पीकरवर लावायचा, तो समोर बसेल. मी ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, खुशाल बदला, पण लोक बाहेर आले पाहिजेत. मी मनात म्हटलं, अरे, आयुष्यभर गाणी बांधली मी, एक कचऱ्याचं बांधता येणार नाही?

पहिलं गाणं बासरीवर केलं, मंद, प्रसन्न. गाडी निघाली, आणि दारादारांतून पोरं वाट्या-चमचे घेऊन धावत आली. त्यांना वाटलं कुल्फी. गाडीतला माल बघून जो आकांत झाला तो आयांना संध्याकाळपर्यंत पुरला. कचरा कुणीच आणला नाही.

दुसरं ढोलकीवर केलं, जाखडीच्या चालीवर, ठेका असा की मेलेला उठून नाचेल. त्या ठेक्यावर लोकांनी पटापट दारं लावून घेतली. त्यांना वाटलं उमेदवार आला. एका घरातून तर आवाज आला की आमची सगळी मतं ठरली आहेत, पुढे जा.

तिसऱ्या गाण्यात मी हुशारी केली. सनई घेतली, ढोल-ताशा घेतला. माझं कपाळ, तेव्हा शिमगा सुरू होता हे माझ्या लक्षातच नाही. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते, ती अशाच वाजपात. गाडी आळीत शिरली तशी एक म्हातारी नऊवारी नेसून, खण, नारळ आणि तांदूळ घेऊन बाहेर आली. डोळ्यांना तिला बेताचंच दिसायचं. तिने घंटागाडीची ओटी भरली. बॉनेटवर नारळ ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागली, की मुंबईच्या नातवाचं लग्न जुळू दे, सुनेची कंबर बरी होऊ दे. मागे उभा असलेला कचरा घेणारा गडी गावाकडचा. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, व्हय महाराजा. मग ड्रायव्हरनेही म्हटलं. म्हातारीचं संपूर्ण गाऱ्हाणं होईपर्यंत गाडी हलली नाही. नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. मलाही मिळालं, मी खाल्लं, काय करतो?

आणि एवढ्या सगळ्यात कचरा घरातच. उन्हाचे दिवस, आणि आमच्याकडे रोज मासळी. बांगड्याची डोकी, कोलंबीची सालं, कालची, परवाची. आळीत वास असा सुटला की कावळेसुद्धा लांबून जाऊ लागले. माझ्यामुळे झालंय हे सगळ्यांना माहीत होतं, लहान गावात काय लपतं? शेजारी निवृत्त हेडक्लार्क राहतात, देवमाणूस, पण नाकाने तिखट. ते आपली बादली घेऊन आले आणि आमच्या कुंपणाच्या गडग्यावर ठेवून म्हणाले, "तुमचं जुनं गाणं परत येईस्तोवर ही तुमच्याकडे." संध्याकाळपर्यंत गडग्यावर बादल्यांची रांग लागली. बायको माझ्याशी बोलायची थांबली. खरं तर ती श्वास घ्यायचीच थांबली होती, तोंडाला पदर लावून फिरायची.

ठेकेदाराने चौथ्या गाण्याची वाटच पाहिली नाही. सकाळी जुनं गाणं वाजलं, गिटार वर चढलं आणि आख्खी आळी एका दमात बाहेर. काही जण तर हसत होते. मी गायकाकडे तोंड लपवत गेलो. त्याला वहिनीने सगळं आधीच सांगितलं होतं. ओटीचा प्रसंग त्याने मला परत सांगायला लावला आणि एवढा हसला की ऑक्सिजनच्या यंत्राने शिट्टी मारायला सुरुवात केली. मग दम खाऊन म्हणाला, "राहू दे, नाही उतरत ते. पण मला नेशील तेव्हा वाजव. पूर्ण वाजव. ती बाई बोलते त्याच्या पुढे ने."

पटांगणातला कार्यक्रम झाला नाही. हापूसच्या पेट्या भरायचे दिवस आले आणि तो गेला. सकाळी, चहा पिऊन, वहिनी पेपर वाचून दाखवत असताना. मला कळलं तेव्हा मी जाखडीच्या एका गाण्यातला ताशा कमी करत होतो. तो कमीच करत राहिलो, पार ऐकू येईनासा होईपर्यंत. मग उठलो.

त्याला नेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, मुंबईची माणसं आल्यावर. पुढे शववाहिनी, मागे आम्ही जेमतेम वीस माणसं आणि मधे एक टेम्पो, त्यावर माझा स्पीकर. मी टेम्पोत बसलो होतो, मांडीवर गिटार, का घेतलं होतं देव जाणे. गाणं लावायचं की नाही हे माझं ठरेना. वेळ नेमकी घंटागाडीची. लोक बादल्या घेऊन धावणार हे शेंबड्या पोरालाही कळेल इतकं स्पष्ट दिसत होतं. त्याने तेवढीच तर एक गोष्ट नको म्हटली होती. मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "लावा."

मी लावलं. गिटार वर चढलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कड्या निघाल्याचे आवाज आले, आणि दारं उघडली. एकामागून एक, ओळीने. लुंग्या आल्या, गाऊन आले, ब्रश आले. सगळ्यांच्या दोन्ही हातांत बादल्या. शववाहिनी बघून माणसं जागच्या जागी थिजली. आत जावं तर वाईट दिसतं, नमस्कार करावा तर हात रिकामे नाहीत. शेजारच्या हेडक्लार्कांनी एक बादली पाठीमागे लपवली, दुसरीचं काय करावं त्यांना कळेना. वळणावर खरी घंटागाडी येऊन उभी होती. ड्रायव्हरने आमचं ऐकलं आणि स्वतःचा भोंगा बंद केला.

गिटार थांबलं. आता ती बाई बोलणार म्हणून सगळी आळी वाट बघत होती. इतकी वर्षं तिथे तीच बोलली होती.

आणि तो गायला लागला.

तिशीतला त्याचा आवाज, फुफ्फुसं शाबूत, काही म्हणजे काही कमी नाही. मग त्या ओटीवाल्या म्हातारीने आपली बादली खाली ठेवली आणि हात जोडले. तिचं बघून शेजारणीने ठेवली. मग वरच्या घराने, मग खालच्या. आळीत पार खालपर्यंत बादल्या टेकवल्याचा आवाज येत गेला. शववाहिनी हळू चालली होती, गाणं मोठं होतं, तीन कडवी होती, आणि माणसं तिन्ही कडवी दारात उभी राहिली. एकही आत गेला नाही. मी खाली मान घालून तारांवर नुसती बोटं ठेवून बसलो होतो.

वहिनी टेम्पोच्या कडेने चालत होती. ती वर माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांच्या कार्यक्रमाला एवढी माणसं पहिल्यांदा आली." आणि मग तिला चालवेना. माझ्या बायकोने तिला धरलं.

त्या दिवशी आमच्या आळीतला कचरा उचलला गेलाच नाही. गाडी निमूट आमच्या मागून समुद्राकडच्या स्मशानापर्यंत आली आणि रिकामी परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वेळेवर आली. गिटार वर चढलं, मी बादल्या घेऊन बाहेर उभा. गिटार थांबलं आणि ठेकेदाराच्या पुतणीने नमस्कार केला. गडग्यापलीकडे हेडक्लार्क बादल्या धरून उभे होते. आयुष्यात कधी गुणगुणला नसेल असा माणूस. ते पुतणीच्या आवाजाच्या वर आवाज काढून, बेसूर, पण ठणठणीत म्हणत होते, दार उघडा, भोंगा झाला. मी ऐकत राहिलो. गाडी निघून गेली, आणि माझ्या दोन्ही बादल्या भरलेल्याच होत्या.